उत्तरेतले घरटे आणि ठाण्याची खाडी

हिवाळा लागला, की रोहित पक्ष्यांचे थवे पाहण्यासाठी ठाण्याच्या खाडीच्या ऐरोली-भांडुपकडील काठांवर माणसांची रीघ लागते. परंतु त्याच आकाशात एकट्याने घिरट्या घालणाऱ्या, पोटाने पांढऱ्याशुभ्र आणि डोळ्यावरून मानेपर्यंत गडद तपकिरी पट्टा असलेल्या ऑस्प्रे या शिकारी पक्ष्याकडे फारच थोड्यांची दृष्टी वळते, याचे मला वैषम्य वाटते.

ऑस्प्रे आपल्याकडे घरटे बांधीत नाही. त्याची वीण उत्तरेकडील प्रदेशांत, नद्या-सरोवरांच्या काठच्या उंच झाडांच्या शेंड्यांवर होते, आणि काटक्यांचे तेच घरटे दरवर्षी डागडुजी करून वापरले जात असल्यामुळे ते उत्तरोत्तर प्रचंड होत जाते. बहुधा तीन अंडी, सुमारे पाच आठवड्यांचे उबवणे, आणि पुढे पंखांत बळ येताच आईबापांच्या सोबतीवाचून दक्षिणेचा दीर्घ प्रवास, असा पिल्लांचा जीवनक्रम आहे. त्यांपैकी पुष्कळ पिल्ले आपला पहिला उन्हाळाही दक्षिणेतच काढतात. म्हणजे या मत्स्याहारी पक्ष्याचे खरे शिक्षण आपल्यासारख्या खाड्यांवरच होते.

ते शिक्षण सोपे नव्हे. पाण्यावर पंख फडफडवीत तो अधांतरी थबकतो, मग पंख आवरून सूर मारतो आणि पाण्याला भिडण्याच्या क्षणी पाय पुढे काढतो. त्याचे बाहेरचे बोट मागे वळू शकते, त्यामुळे दोन नख्या पुढून व दोन मागून अशी पकड बसते. तळव्यांवरील काटेरी खवल्यांतून बोयीसारखा बुळबुळीत मासाही निसटत नाही. नाकपुड्या पाण्यात मिटतात. वर येताच तो ओली पिसे झटकतो आणि वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून माशाचे तोंड पुढे करून तो नेतो.

हे मासे येतात कोठून? तिवरांच्या मुळांत साठलेल्या गाळात माशांची पिल्ले आसरा घेतात, आणि भरती-ओहोटीबरोबर त्यांचे अन्न आतबाहेर होते. कोळी बांधवांना हे पूर्वापार ठाऊक होते; सरकारदप्तरी मात्र खाजण ही दीर्घकाळ भराव घालण्याजोगी पडीक जमीनच ठरली होती. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनतोडीस मनाई केली, 2015 मध्ये खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत ठाण्याच्या खाडीची नोंद झाली.

तरीही केवळ झाडे राखून भागत नाही, हे याच पक्ष्याच्या इतिहासावरून दिसते. शिकारी आणि अंडीचोरांमुळे ब्रिटनमधून नाहीसा झालेला ऑस्प्रे 1954 मध्ये स्कॉटलंडात पुन्हा घरटे करू लागला, त्याच सुमारास अमेरिकेत डीडीटी हे कीटकनाशक माशांवाटे त्याच्या शरीरात साचून अंड्यांची कवचे पातळ करीत होते. तेथे 1972 मध्ये त्यावर बंदी आल्यावरच घरटी पुन्हा भरू लागली. विष पाण्यात एके ठिकाणी पडते, आणि अंडे भलत्याच ठिकाणी फुटते.

म्हणूनच कल्याण-डोंबिवलीवरून वाहणाऱ्या उल्हास नदीचा प्रश्न मला अधिक निकडीचा वाटतो. तिच्या काठच्या तिवरांना न्यायालयाचा आधार आहे, परंतु ठाण्याच्या खाडीला लाभलेला अभयारण्याचा दर्जा या पट्ट्याला नाही. आणि कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी शुद्ध होऊनच पात्रात उतरावे, यासाठी अभयारण्याच्या जाहीरनाम्याची वाट पाहण्याचे कारणही नाही. नगरपालिका आणि औद्योगिक वसाहतींवर कायद्याने ते कर्तव्य आधीच सोपविलेले आहे.