मिरची गल्लीतले जाणकार

मसाल्याचे दुकान चांगले की नाही, हे ओळखण्याची माझी खूण सोपी आहे. दुकानदार आधी तराजू उचलतो की आधी चौकशी करतो, एवढेच पाहावे.

आमच्या भोईवाड्यापासून लालबागची मिरची गल्ली पायी जाण्याइतकी जवळ. होळी उलटली की घरोघरची मंडळी शिंकत शिंकत तेथे वर्षाच्या मसाल्यासाठी लोटतात. जाणता दुकानदार विचारतो, "गाव कोणतं? मासे शिजतात का? घरात लहान मुलं किती?" हा भोचकपणा नव्हे! मालवणी आणि घाटी मसाल्याचे माप एक नसते. मग तो सांगतो: रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, देठे काढल्यावर वजन घटते, ते धरूनच मिरची घ्या, खसखस धण्यांबरोबर भाजू नका, ती आधी करपते, त्रिफळाच्या बिया टाकून द्या, साल तेवढी घ्या.

पूर्वी गिरणी कामगारांच्या बायका ही प्रमाणे माहेराहूनच पाठ करून येत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, बिऱ्हाडे पांगली, सांगणाऱ्या सासवाही गेल्या. उरले ते दुकानातले जाणकार, आणि तेही आता थोडेच. गेल्या वर्षी एका दुकानी त्रिफळाचे प्रमाण विचारले, तर पोरगा म्हणाला, "साहेब, तयार पाकीट न्या ना!"

शेजारच्या दुकानातल्या म्हाताऱ्यांनी मात्र चष्मा लावून आमच्या सौभाग्यवतींची यादी वाचली आणि संकेश्वरीपुढचा 'एक किलो' खोडून 'अर्धा' केला.

"मुलांच्या परीक्षा आहेत ना, ताई? पोटं सांभाळा त्यांची."