गप्प बसलेला ड्राइव्ह आणि तक्रार करणारा ड्राइव्ह

१९८३ साली रेडिओ शॅकने ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ विकायला काढला. तो घडवला होता जपानच्या क्योसेरा कंपनीने, आणि त्यातल्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमचा बराच भाग खुद्द बिल गेट्स यांनी लिहिला होता. आठ ओळींचा पडदा, ओळीत ४० अक्षरे, चार पेन्सिल सेल आणि फार तर ३२ किलोबाइट मेमरी एवढ्या भांडवलावर हे यंत्र बातमीदारांचे लाडके झाले. डिस्क मात्र त्यात नव्हती. ती उणीव भरून काढायला रेडिओ शॅकच्या मालक टँडी कंपनीचा पोर्टेबल डिस्क ड्राइव्ह आला. त्यात साडेतीन इंची डिस्क बसते आणि तिच्यावर १०० किलोबाइट मजकूर मावतो. आज या जोडीवर प्रेम करणाऱ्यांची नेहमीची अडचण एकच: ‘ड्राइव्ह लागत नाही.’ माझे म्हणणे असे की या तक्रारीत दोन वेगळे आजार एकत्र मिसळलेले असतात. ते आधी वेगळे केले नाहीत तर दुरुस्ती चुकीच्या यंत्रावर होते.

हा ड्राइव्ह संगणकाचा मुका अवयव नाही. त्याच्या पोटात स्वतःचा प्रोसेसर आहे आणि फाइलींची यादी तो स्वतःच सांभाळतो. हीच यंत्रणा ब्रदर कंपनीने विणकाम-यंत्रांसाठी ‘एफबी-१००’ या नावाने विकली, कारण स्वेटरची नक्षी असो की बातमीचा मजकूर, मागेल त्याला ती सारखीच सेवा देते. संगणक सीरियल पोर्टवरून सेकंदाला १९,२०० बिट या वेगाने विनंती पाठवतो. सुरुवातीला ‘झेड’ हे अक्षर दोनदा, मग कामाचा प्रकार, मजकुराची लांबी, मजकूर, आणि शेवटी पडताळणीचा एक बाइट. ड्राइव्हचे उत्तरही साधारण याच घडणीचे असते. डिस्क आत नसेल किंवा वाचता येत नसेल, तर तो तसे कळवतो. म्हणून पहिला प्रश्न ‘चालते का?’ असा नकोच. ‘उत्तर अजिबात येत नाही, की उत्तरात चूक कळवली जाते?’ हा खरा प्रश्न आहे. मौनाचे कारण बहुधा जोडणीत, वीजपुरवठ्यात किंवा प्रोग्रॅममध्ये असते. चूक कळवणारे उत्तर आले, तर जोडणी शाबूत आहे आणि दोष डिस्कजवळ शोधायचा.

मौनाची चौकशी विजेपासून सुरू करावी. ड्राइव्ह आणि संगणक दोन्ही सहा व्होल्टचे, आणि दोघांच्याही अडॅप्टरच्या पिनमधला मधला भाग ऋण असतो. आजच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये तो धन असतो, त्यामुळे ‘पिन बसली’ याला काहीच अर्थ नाही. मीटर लावूनच खात्री करावी. नंतर केबल. ड्राइव्हच्या बाजूला साधे पाच व्होल्टचे लॉजिक आहे, तर संगणकाच्या पोर्टवर आरएस-२३२ या सीरियल मानकाचे धन-ऋण व्होल्टेज. या दोन पातळ्या जुळवणारे सर्किट मूळ केबलच्या जाड कनेक्टरमध्येच बसवलेले आहे. दिसायला सारखी म्हणून दुसरीच केबल लावली तर संवाद होत नाही, उलट ड्राइव्हला इजा होण्याचा धोका असतो.

संगणकाची बाजू तपासणे सोपे आहे. २५ पिनांच्या पोर्टवर २ आणि ३ क्रमांकाच्या पिना जोडाव्यात, संगणकातल्या टेलकॉम या संवाद-प्रोग्रॅममध्ये फुल डुप्लेक्स ठेवावे आणि टाइप करावे. अक्षर पडद्यावर परत आले, तर पोर्टचे पाठवणे-घेणे ठीक आहे. यावर आक्षेप रास्त आहे: ही चाचणी बाकीच्या नियंत्रण-तारांबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून पुढची चाचणी लॅपटॉपची. यूएसबी-सीरियल जोडणीवर ड्राइव्हची नक्कल करणारा प्रोग्रॅम चालवून मॉडेल १०० ला त्याच्याशी बोलायला लावावे. बोलणे जमले तर संगणक आणि त्यातला ड्राइव्हशी बोलणारा फ्लॉपी-प्रोग्रॅम दोघेही निर्दोष. पण इथेच अनेक जण घाई करतात. नकलेसाठी लागते वेगळी केबल, तेव्हा ड्राइव्हची मूळ केबल या चाचणीतून सुटत नाही. तिच्यावरचा संशय उलट वाढतो. बोलणे जमलेच नाही, तर मेमरीकडे वळावे. फ्लॉपी-प्रोग्रॅम रॉममध्ये नसून मेमरीत उतरवावा लागतो. आतली बॅटरी संपली की तो पुसला जातो, आणि त्याच जागेवर हक्क सांगणारा दुसरा प्रोग्रॅम आला तर दोघांची टक्कर होते.

आता तक्रार करणारा ड्राइव्ह. मोटरचा आवाज येतो, दिवा लागतो आणि तरीही वाचन चुकते. अशा वेळी झाकण उघडून रबरी बेल्ट पाहावा, हा माझा आग्रह आहे. चाळीस वर्षांत तो तुटतो किंवा वितळून काळ्या डांबरासारखा पुलीला चिकटतो. मोटर फिरते, डिस्क फिरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुली पूर्ण स्वच्छ केल्याशिवाय नवा बेल्ट चढवू नये. उरलेल्या चिकट थराने वेग डळमळतो आणि वाचन पुन्हा चुकते.

‘नक्कल इतकी चांगली चालते, तर मूळ ड्राइव्हवर वेळ का घालवायचा?’ हा आक्षेप वजनदार आहे. रोजच्या लिखाणासाठी नक्कल खरोखरच बरी. मीही तिचीच शिफारस करेन. पण जुन्या डिस्कवरचा मजकूर नकलेला वाचता येत नाही. या डिस्कची मांडणी पीसीहून निराळी, ४० ट्रॅकची आणि एकाच बाजूची आहे, त्यामुळे पीसीचा नेहमीचा फ्लॉपी ड्राइव्ह विशेष उपकरणाविना ती उलगडू शकत नाही. कोणाचे अर्धवट पुस्तक, कोणाच्या मुलाखतीची टिपणे अशा डिस्कवर पडून असतील, आणि ती वाचण्याचा सर्वात सरळ मार्ग म्हणजे दुरुस्त केलेला हाच ड्राइव्ह. तेव्हा ड्राइव्ह सुरू झाल्यावर पहिली चाचणी जुन्या डिस्कवर करू नका. कोरी डिस्क वापरा, लिहून-वाचून खात्री करा, मग जुन्या डिस्कची संरक्षक खिडकी उघडी ठेवून तिच्यातल्या फाइली आधी उतरवून घ्या.