चेपॉक ते कोलंबो : शाळकरी क्रिकेटचा शेजार

चेन्नईहून विमानाने कोलंबो सातशे किलोमीटरच्या आत येते; मुंबई हजाराच्या पुढे जाते. त्यामुळे चेन्नईतल्या एखाद्या शाळेने किंवा अकादमीने मुलांचा पहिला परदेश दौरा ठरवला, की तो बहुधा श्रीलंकेचाच असतो. प्रवास सव्वा-दीड तासाचा, खर्च युरोपच्या मानाने आवाक्यातला, ऊन घरच्यासारखेच आणि जेवणात भात दोन्ही वेळा. इडिअप्पम तिथेही मिळते, नाव तेवढे वेगळे. एवढे सगळे ओळखीचे दिसल्यावर क्रिकेटही ओळखीचेच असेल, असे गृहीत धरून जाणारे संघ पहिल्याच सामन्यात चक्रावतात.

ही ये-जा जुनी आहे. १९४७ साली सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, महादेवन सदाशिवम यांनी मद्रासच्या चेपॉक मैदानावर दक्षिण भारताविरुद्ध २१५ धावा केल्या. १९५२-५३ च्या हंगामापासून मद्रास आणि सिलोन यांच्यात गोपालन करंडकासाठी प्रथम श्रेणीचा सामना होऊ लागला. ज्यांचे नाव करंडकाला दिले ते एम. जे. गोपालन मद्रासचे वेगवान गोलंदाज. ४ नोव्हेंबर १९३४ रोजी चेपॉकवर मद्रास-म्हैसूर सामन्यात रणजी स्पर्धेतला पहिला चेंडू त्यांनीच टाकला. हॉकीतही ते तितकेच वाकबगार होते. १९३६ मध्ये मात्र बर्लिन ऑलिंपिक सोडून त्यांनी क्रिकेट संघाबरोबर इंग्लंड गाठले. त्या वर्षी हॉकी संघ सुवर्णपदक घेऊन परतला आणि क्रिकेट संघ मालिका हरून, हे त्यांचे दुर्दैवच.

तेव्हाची नेहमीची वाट समुद्रातून होती. मद्रासच्या एगमोर स्थानकात बोट मेलमध्ये बसायचे, पांबनचा पूल ओलांडून धनुष्कोडीला उतरायचे, तिथून आगबोटीने तलाईमन्नारला आणि पुढे सिलोनच्या रेल्वेने कोलंबोला. समुद्राचा टप्पा जेमतेम पस्तीस किलोमीटरचा. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाली. बोट मग रामेश्वरमहून सुटू लागली आणि १९८४ च्या सुमारास, श्रीलंकेत यादवी पेटल्यावर, तीही थांबली.

गोपालन करंडकाचे महत्त्व सिलोनला जास्त होते, कारण कसोटीचा दर्जा नसलेल्या देशाला मोठे सामने मिळणार कुठून? हा दर्जा १९८१ मध्ये मिळाला. फेब्रुवारी १९८२ मध्ये पहिली कसोटी झाली आणि त्याच सप्टेंबरात चेपॉकवर भारताविरुद्धची पहिली. दुलीप मेंडिस यांनी तिथे दोन्ही डावांत प्रत्येकी १०५ धावा काढल्या. करंडकाची नियमित परंपरा १९८२-८३ नंतर खंडित झाली.

श्रीलंकेच्या पहिल्या कसोटीत अर्धशतक करणारा अर्जुन रणतुंगा तेव्हा आनंद कॉलेजचा विद्यार्थी होता. चेन्नईहून जाणाऱ्या मुलांची गाठ कोणत्या क्रिकेटशी पडते, ते एवढ्यावरून कळावे. ‘कॉलेज’ हे तिथे शाळेचेच नाव. या बेटावर क्रिकेटचा पाया क्लबांइतकाच, किंबहुना जास्त, शाळांनी घातला. रॉयल कॉलेज आणि सेंट थॉमस यांचा वार्षिक सामना १८७९ पासून खेळला जातो. मार्च महिन्यातल्या या ‘बिग मॅच’ला माजी विद्यार्थी परदेशातून येतात, पपरे बँड दिवसभर वाजत राहतो आणि आजोबा-नातू एकाच रंगाचे झेंडे घेऊन बसतात. वर्षातल्या सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटूला मिळणारा पुरस्कार तिथे राष्ट्रीय बातमी ठरतो. रंजन मदुगले, रणतुंगा आणि पुढे चेन्नईचा जावई झालेला मुथय्या मुरलीधरन हे त्याचे मानकरी.

पाहुण्या संघाला अडचणीची ठरते ती सामन्याची लांबी. श्रीलंकेतल्या थोरल्या शाळांचा मुख्य हंगाम दोन दिवसांच्या सामन्यांचा असतो. चारही डाव पूर्ण होतीलच असे नाही, म्हणून पहिल्या डावातल्या आघाडीला गुण असतात. सलामीच्या मुलाने सकाळचे सत्र नुसते खेळून काढले, तरी त्याने संघाचे काम केले असे मानतात. चेन्नईच्या मुलाला बहुतेक वेळा वीस, तीस किंवा पन्नास षटकांची सवय असते आणि अनेकदा मॅटिंगची. मॅटवर चेंडू एकसारखा उसळतो. टर्फवर तो दुसऱ्या दिवशी खाली राहतो, वळतो, मध्येच थांबून येतो. पहिल्या तासात तीन चौकार मारून मिडऑनला झेल देणारा फलंदाज मग उरलेला दीड दिवस क्षेत्ररक्षण करतो. दौऱ्यातून शिकायचे ते हेच. दोन आठवड्यांत आठ टी-ट्वेंटी सामने भरणाऱ्या आयोजकांकडून ते शिकायला मिळत नाही, पालकांना छायाचित्रे तेवढी भरपूर मिळतात.

दुसरी अडचण वयाची. श्रीलंकेत शालान्त परीक्षा तेरा वर्षांच्या शिक्षणानंतर होते, त्यामुळे शाळेच्या पहिल्या संघात अठरा-एकोणीस वर्षांचे गडी असतात. तमिळनाडूत शाळा बारावीला संपते आणि बोर्डाच्या वर्षी अनेक घरांत क्रिकेटची किट माळ्यावर जाते. साहजिकच चेन्नईच्या शालेय संघात पंधरा-सोळा वर्षांची मुले जास्त. नुसते शाळेचे नाव पाहून सामना ठरवला, की दाढी फुटलेल्या वेगवान गोलंदाजासमोर नववीतला मुलगा उभा राहतो. तिथे तेरा, पंधरा, सतरा आणि एकोणीस असे वयोगट आहेत. सामना ठरवताना वयोगट लेखी घ्यावा, हे उत्तम.

तारखांचाही मेळ बसवावा लागतो. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, कोलंबोचा नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर. एप्रिलमध्ये चेन्नईच्या परीक्षा संपतात, पण कोलंबोत दुपारी गडगडाटासह सरी येतात आणि १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्षामुळे सगळे बंद असते. उरतात डिसेंबरअखेर ते मार्च हे महिने. त्यांतून चेन्नईच्या मुलांना मोकळा मिळतो तो सहामाही परीक्षेनंतरच्या सुट्टीचा तुकडा. पावसाने भल्याभल्यांचे दौरे धुतले आहेत. रवी शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाच्या दौऱ्यातही त्याने सारखा व्यत्यय आणला होता. कागदपत्रांचे काम मात्र सरळ आहे. पंधरा वर्षांखालील मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि त्यासाठी आई-वडील दोघांची संमती लागते. श्रीलंकेची प्रवेशपरवानगी ऑनलाइन काढता येते.

लांब खेळायला बसले म्हणजे काय होते, ते जुलै २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाच्या श्रीलंका दौऱ्यात दिसले. संघाचे प्रशिक्षक होते चेन्नईचे डब्ल्यू. व्ही. रामन. वर्तमानपत्रांचे लक्ष पहिला युवा कसोटी सामना खेळणाऱ्या अर्जुन तेंडुलकरकडे होते. तो फलंदाजीत शून्यावर बाद झाला. हंबनटोटाच्या दुसऱ्या कसोटीत महाराष्ट्राच्या पवन शाहने ३३२ चेंडूंत २८२ धावा केल्या. त्यात ३३ चौकार आणि एकच षटकार होता, म्हणजे चेंडू बहुतांशी जमिनीवरूनच गेला. अकोल्याच्या अथर्व तायडेने १७७ काढल्या. भारताने ८ बाद ६१३ वर डाव घोषित करून सामना डावाने जिंकला. युवा कसोटीत पवनच्या पुढे होता तो ऑस्ट्रेलियाचा क्लिंटन पीक, नाबाद ३०४.

चेन्नईच्या दौऱ्यांना राजकारणाची झळ मात्र पावसापेक्षा अधिक बसली. २००९ मध्ये श्रीलंकेतले युद्ध संपले, पण तमिळ नागरिकांच्या मृत्यूंचा राग तमिळनाडूत धगधगत राहिला. सप्टेंबर २०१२ मध्ये जयललिता सरकारने श्रीलंकेहून आलेल्या शालेय फुटबॉल संघांना परत पाठवले आणि मैदान खुले करून देणाऱ्या अधिकाऱ्याला निलंबित केले. पुढच्या वर्षी आयपीएलच्या चेन्नईतल्या सामन्यांत श्रीलंकेच्या खेळाडूंना बंदी झाली. चेन्नईत ठरलेली आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा याच कारणाने जुलै २०१३ मध्ये पुण्यात बालेवाडीला भरली. रागाचे कारण खरे होते. तो शाळकरी पोरांवर काढणे मात्र समर्थनीय नव्हते.

अलीकडे उत्तरेकडची वाटही उघडली आहे. चेन्नई-जाफना विमानसेवा २०१९ मध्ये सुरू झाली, मध्ये बंद पडून डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा चालू झाली. नागपट्टिनम ते कांकेसंतुराई बोट ऑक्टोबर २०२३ पासून सुटू लागली. जाफन्यातही शालेय क्रिकेट रुजलेले आहे. जाफना सेंट्रल आणि सेंट जॉन्स यांची ‘बॅटल ऑफ द नॉर्थ’ विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची. यादवीत ती काही वर्षे खंडित झाली, कायमची संपली मात्र नाही. चेन्नईच्या संघाला तिथे एकच तोटा आहे : यष्टिरक्षक गोलंदाजाला तमिळमध्ये जी खूण सांगतो, ती समोरच्या फलंदाजालाही कळते.