दुसऱ्याच्या मनात राहणारी अब्रू

बंद खोलीत कुणी तुम्हाला चोर, लबाड, लाचखाऊ म्हटलं आणि तिथे तुम्हा दोघांशिवाय तिसरं कुणीच नसेल, तर कायद्याच्या लेखी तुमची अब्रू शाबूत आहे. अपमान झाला, जीव जळला, पण बदनामी झाली नाही. तेच वाक्य जिन्यातल्या शेजाऱ्याच्या कानी पडलं, की झाली. पाटणा उच्च न्यायालयाचं १९५८ मधलं एक प्रकरण तर फारच विलक्षण आहे. उर्दू न येणाऱ्या एकाला बदनामीकारक पत्र उर्दूत आलं आणि त्याने ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं. मग प्रश्न असा आला की, त्याला उर्दू येत नाही हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं का? ठाऊक नसेल, तर त्याने मजकूर तिसऱ्यापर्यंत पोचवला असं म्हणता येत नाही.

मला या कायद्याचं नवल वाटतं ते इथेच. शेत माझं, ते माझ्या ताब्यात. घर माझं, त्याला मी कुलूप लावतो. अब्रूही माझी, पण ती राहते इतरांच्या मनात. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ (१ जुलै २०२४ पूर्वी दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५००) हेच सांगतं: इतरांच्या नजरेत माणसाचं चारित्र्य, बुद्धी किंवा पत उतरली पाहिजे.

अशा वेळी दोन वाटा असतात, दिवाणी आणि फौजदारी. दोन्ही वाटांवरचे गाजलेले जुने खटले मुंबईतच चालले.

पहिला १८६२ चा. वैष्णव संप्रदायाच्या महाराजांच्या अनाचारावर करसनदास मुळजींनी ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी महाराजांच्या आजाराबद्दल साक्ष दिली. एका डॉक्टरने भर न्यायालयात, धर्मगुरूविरुद्ध! करसनदासांना तारलं ते लेखातल्या सत्याने. दिवाणी दाव्यात विधान खरं ठरलं की बचाव पुरा होतो.

दुसरा १८८२ चा, आपल्या ओळखीचा. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे छत्रपतींविरुद्ध कारस्थान करतात, असं दाखवणारी पत्रं मिळाली आणि ‘केसरी’, ‘मराठा’ यांनी आरोप छापले. बर्व्यांनी फौजदारी खटला भरला. पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगातल्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिलं. ही गोष्ट आपण कायम तुरुंगाच्या बाजूनेच वाचत आलो. छत्रपतींविषयीची त्यांची कळकळ खरी होती, हे मी मनापासून मानतो. पण क्षणभर बर्व्यांच्या जागी उभं राहून पाहावं. न लिहिलेली पत्रं आपल्या नावावर, तीही छापून गावोगाव गेलेली. त्यांनी दाद कुठे मागायची होती?

आजही कायदा सद्‌भावनेला संरक्षण देतो, पण नुसता हेतू चांगला असून भागत नाही. योग्य काळजी आणि लक्ष दिलेलं दिसावं लागतं. कलमात एकूण दहा अपवाद आहेत. पहिलाच अपवाद चकित करणारा आहे: फौजदारीत नुसतं सत्य पुरत नाही, ते लोकहितासाठी सांगितलेलं असावं लागतं. बदनामी हा गुन्हाच नको, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २०१६ मध्ये न्यायालयाने कलम कायम ठेवलं. अब्रू हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं म्हटलं.

आज कुणाची बदनामी झाली तर पहिली घाई पुराव्याची करावी. पोस्ट पुसली जाते, म्हणून स्क्रीनशॉट, लिंक, तारीख आणि कोणी वाचलं त्यांची नावं लगेच जपून ठेवावीत. डिजिटल पुराव्यासोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. मग वकिलामार्फत नोटीस: मजकूर मागे घ्या, माफी मागा. पुष्कळांना हवं असतं ते एवढंच.

तेवढ्यावर मिटलं नाही तर दिवाणी दावा. त्यात भरपाई मागता येते, मजकूर थांबवण्यासाठी मनाई हुकूमही मागता येतो. मात्र सुनावणीआधीच वृत्तपत्राचं तोंड बंद करणारा हुकूम सहज देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा बजावलं. मुदत फक्त एक वर्षाची. सोसत बसलेल्यांचा हक्क इथेच बुडतो.

फौजदारीसाठी पोलीस ठाण्यात गेल्यास गुन्हा अदखलपात्र असल्याचं सांगतात, आणि ते बरोबर आहे. फिर्याद थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायची, तीही बहुधा तीन वर्षांच्या आत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या संहितेने समाजसेवेचीही शिक्षा जोडली आहे. तडजोडीची वाट शेवटपर्यंत मोकळी असते.

आणि माणूस गेल्यावर? दिवाणीत बदनामीच्या भरपाईचा हक्क माणसाबरोबरच संपतो. निकालाआधी वादी वारला तर वारसांना दावा पुढे चालवता येत नाही. फौजदारी कायदा मात्र नेमकं उलट सांगतो. जिवंतपणी अब्रू गेली असती असं काही मृताबद्दल म्हटलं आणि त्यामागे घरच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल, तर तोही गुन्हा आहे, आणि मग न्यायालयात फिर्याद घरचे करतात.