खिशातलं इंटरनेट : लेखांक ६
ब्राउझर जिओचा, इंजिन गूगलचं

गूगलवर शोध फुकट मिळतो आणि कंपनीचा पैसा जाहिरातीतून येतो, हे गेल्या लेखांकात पाहिलं. म्हणूनच शोधाच्या चौकटीपर्यंत नेणारी वाट कोणाच्या ताब्यात आहे, हा गूगलच्या धंद्याचा मूळ प्रश्न आहे. संगणकावर ती वाट म्हणजे ब्राउझर. मोबाईलवर त्यात कार्यप्रणालीची भर पडते. गूगलने २००५ मध्ये अँड्रॉइड विकत घेतलं आणि २००८ मध्ये क्रोम आणला, तो या दोन्ही वाटा हाती ठेवण्यासाठी. नवी मुंबईतून कारभार चालवणाऱ्या जिओने या वाटेवर स्वतःचं पाऊल कसं टाकलं, ते आज पाहू.

भिवंडीतल्या धामणकर नाक्यासारख्या ठिकाणी या स्पर्धेचा अर्थ नीट कळतो. यंत्रमागावर पाळी करणारे, गोदामांत माल चढवणारे, रिक्षा चालवणारे अशा अनेकांच्या आयुष्यात इंटरनेट आलं ते थेट मोबाईलवरून. संगणक मध्ये आलाच नाही. अशा माणसाच्या हाती पहिला फोन जो देईल, तोच त्याचा पहिला ब्राउझरही ठरवतो. फोनमध्ये आधीपासून जे असतं, तेच बहुतेक लोक वापरत राहतात.

जिओने नेमकं हेच हेरलं. २१ जुलै २०१७ रोजी जिओफोन जाहीर झाला : १५०० रुपये अनामत, तीही तीन वर्षांनी परत. त्यात अँड्रॉइड नव्हतं, कायओएस होतं. हे कायओएस मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून निघालं. प्रत्येक अ‍ॅप वेबपानासारखंच बनवायचं, म्हणजे स्वस्त, कमी ताकदीचा फोनही पुरेल, ही मोझिलाची कल्पना. २०१४ मध्ये इंटेक्सने भारतात असा फोन दोन हजारांच्या आत विकला होता. मोझिलाला तो धंदा पुढे नेता आला नाही. तीच कल्पना जिओने सिमकार्डाच्या जोरावर कोट्यवधी घरांत पोहोचवली.

पण कार्यप्रणाली जिंकते ती अ‍ॅपमुळे. जिओफोनवर व्हॉट्सअ‍ॅप यायला सप्टेंबर २०१८ उजाडला. आणि ज्या गूगलला वळसा घालणं शक्य वाटत होतं, त्याच गूगलने जून २०१८ मध्ये कायओएसमध्ये २.२ कोटी डॉलर गुंतवले. शोध, नकाशे, यूट्यूब, असिस्टंट या सेवा तिथेही पोहोचाव्यात, हा हेतू उघड होता. प्रतिस्पर्धी वाट बंद पाडण्यापेक्षा तिच्यावर आपलं दुकान थाटणं गूगलला सोयीचं वाटलं.

जुलै २०२० मध्ये गूगलने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ३३,७३७ कोटी रुपये गुंतवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिओने जिओपेजेस हा ब्राउझर आणला. बातम्या आणि मजकूर आठ भारतीय भाषांत, मराठी आणि तेलुगूसुद्धा. भिवंडीतल्या मराठी आणि तेलुगू कुटुंबांसाठी ही मोलाची गोष्ट होती. पण त्या आठांत उर्दू नव्हती, आणि या शहरात उर्दू वाचणारी वस्ती किती मोठी आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याहून मोठी अडचण आत होती. ब्राउझरचं इंजिन म्हणजे वेबसाईटचा कोड वाचून पडद्यावर पान रचणारा भाग. जिओपेजेस क्रोमियमवर उभा होता, आणि क्रोमियमची सूत्रं मुख्यतः गूगलकडे आहेत. पाटी, भाषा, मांडणी बदलता येते. पण वेबचे नवे नियम कोणते आणि ते कधी लागू होणार, यावर इंजिन चालवणाऱ्याचाच वरचष्मा राहतो. २०२१ च्या दिवाळीत आलेला जिओफोन नेक्स्ट तर सरळ अँड्रॉइडवरच आधारलेला होता. चार वर्षांत जिओ कायओएसकडून गूगलच्या दारी आला.

त्यामागचं कारण गूगल फोन कंपन्यांशी करत असलेल्या करारांतही होतं. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्ले स्टोअर हवं असेल तर शोध, क्रोम, यूट्यूब हा सगळा गठ्ठा फोनमध्ये बसवावा लागे, आणि अँड्रॉइडची वेगळी आवृत्ती असलेले फोन विकायला फोन कंपन्यांना आडकाठी होती. हा बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर आहे, असं आयोगाने म्हटलं. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने आयोगाचे काही आदेश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला. त्याआधी जानेवारीतच गूगलने भारतासाठी बदल जाहीर केले होते : फोन कंपन्यांना हवी तीच अ‍ॅप घेता येतील आणि ग्राहकाला शोधयंत्र निवडता येईल.

या साऱ्यातून मला एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. सिम, स्वस्त फोन आणि कोट्यवधी ग्राहक हातात असूनही जिओला ब्राउझरची लढाई जिंकता आली नाही, कारण अ‍ॅपचं दुकान आणि इंजिन दुसऱ्याच्या हाती होतं. मग नाक्यावरच्या ग्राहकाला एकट्याच्या बळावर निवड कशी मिळणार? ती नियमाने मिळवून द्यावी लागते. आणि मिळाली, तरी ती त्याला वाचता आली पाहिजे. शोधयंत्र निवडण्याचा पडदा इंग्रजीत समोर आला, तर दुकानदार पटकन ज्याला बोट लावेल तेच कायमचं होऊन बसतं. तो पडदा मराठीत, उर्दूत, तेलुगूत पहिल्याच दिवशी दिसावा, ही मागणी ग्राहक संघटनांनी आणि आपण वाचकांनी लावून धरली पाहिजे.

पुढच्या लेखांकात : प्ले स्टोअरचं कमिशन आणि छोटे अ‍ॅप बनवणारे.