बोटीची बॅटरी चार्ज धरत नाही? नवी घेण्याआधी हा हिशोब तपासा



समजा, दिवाळीच्या सुट्टीतला रविवार आहे. भंडारदऱ्याच्या काठावर गर्दी झालीय. तुमच्या बोटीत एक कुटुंब बसलंय, लाईफ जॅकेट घालून झालेत. तुम्ही चावी फिरवता, इंजिन 'टक्' करतं आणि गप्प! रात्रभर चार्जिंगला लावलेली बॅटरी सकाळी बसलेली. फेरी गेली, पैसे परत द्यावे लागले. आणि हीच बॅटरी भर पाण्यात बसली असती तर?

अशा वेळी बरेच जण सरळ दुकान गाठतात आणि नवी बॅटरी आणतात. काही महिन्यांनी तीही बसते, कारण मूळ बिघाड तसाच राहिलेला असतो. म्हणून एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बॅटरी म्हणजे तुमचा गल्ला. गल्ला रिकामा दिसला तर कारणं तीनच असतात: जमा कमी, खर्च जास्त, किंवा गल्लाच फुटका. याच क्रमाने तपासायचं.

आधी सुरक्षितता. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. म्हणून मोकळ्या हवेत काम करा, जवळ विडी-काडी नको. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच.

१. जमा नीट होतेय का?

पहिल्यांदा टर्मिनल बघा. पांढरा-हिरवट खार चढलाय? क्लॅम्प ढिला आहे? मग चार्ज आत जाणार कसा? वायर सोडवा (आधी निगेटिव्ह), खायच्या सोड्याच्या पाण्याने ब्रश मारा, पुसून कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. सोड्याचं पाणी सेलमध्ये मात्र जाऊ देऊ नका.

आता इंजिन चालू करून मल्टिमीटर बॅटरीला लावा. रेस दिल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले, तर चार्जिंग चालू आहे. आकडा १२.५ च्या आसपासच अडकला, तर बॅटरीला दोष देऊ नका. इंजिनची चार्जिंग कॉईल, रेक्टिफायर किंवा फ्यूज तपासून घ्या.

२. खर्च किती होतोय?

इंजिन स्टार्ट करायला फार खर्च होत नाही, करंट मोठा असला तरी दोन-तीन सेकंदांचाच असतो. खरी बॅटरी खातात गाणी, दिवे आणि बोटीतलं पाणी उपसणारा पंप.

हिशोब करू. स्पीकर आणि दिवे मिळून ५ अँपिअर ओढतात आणि दिवसात ६ तास चालतात. खर्च झाला ३० अँपिअर-तास. तुमच्या इंजिनची कॉईल पूर्ण वेगात ६ अँपिअर देते आणि दिवसभरात इंजिन २ तास चाललं. जमा झाली जास्तीत जास्त १२. म्हणजे रोज १८ ची तूट! बॅटरी कितीही नवी असो, ती बसणारच.

दुसरी गोष्ट, चोरखर्च. सगळे स्विच बंद करा, निगेटिव्ह वायर काढा आणि तिथे मधोमध मल्टिमीटर अँपिअरवर लावा. ०.१ अँपिअर जरी जात असेल, तरी दिवसाला २.४ आणि २० दिवसांत ४८ अँपिअर-तास गेले. १०० अँपिअर-तासांची बॅटरी जवळपास निम्मी रिकामी! एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली आला, चोर त्याच लाईनवर.

३. गल्लाच फुटका आहे का?

बॅटरी पूर्ण चार्ज करा, सगळं सोडवून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्होल्टेज मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे उत्तम. १२.२ म्हणजे अंदाजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे चार्ज टिकत नाही.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर सहाही सेलमधलं पाणी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला. बाकी पातळी चार्ज झाल्यावर भरा. नळाचं पाणी किंवा वरून ॲसिड घालायचं नाही. मग हायड्रोमीटर लावा. पाच सेल १.२६० दाखवतायत आणि एकच १.१८०, तर तो सेल गेला. आता नवी बॅटरी घ्या, हा खर्च योग्य आहे.

बॅटरी पाण्यात नाही, शेडमध्ये मरते

काजव्यांचा हंगाम संपतो, रतनवाडी-घाटघरकडे पावसाची झड लागते आणि बोटी ताडपत्रीखाली जातात. बॅटरीही तशीच आत पडून राहते. काही न जोडताही ती हळूहळू उतरते. उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग ती चार्ज घेतच नाही. म्हणून पावसाळ्यात बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. गाण्यांसाठी वेगळी डीप-सायकल बॅटरी लावा, स्टार्टची बॅटरी फक्त स्टार्टला.

यात धंदा कुठे आहे?

मल्टिमीटर, हायड्रोमीटर आणि चांगला चार्जर, एवढ्यावर तुम्ही पावसाळ्यात बॅटरी सांभाळायची सेवा सुरू करू शकता. बोटी कमी वाटतात? त्याच गावांत ट्रॅक्टर, पिकअप आणि इन्व्हर्टरही आहेत, तपासायची रीत तीच. प्रत्येक बॅटरीची तारीख, व्होल्टेज आणि सेलचे आकडे वहीत लिहा. ही वही दाखवली की गिऱ्हाईक भाव करत बसत नाही.

जुनी बॅटरी दुकानदाराला किंवा नोंदणीकृत रिसायकलरलाच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत तेच सांगितलंय. ॲसिड काठावर ओतू नका. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेतून खाली आपल्याच शेतांत जातं.

तर आज एकच काम करा. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या बॅटरीचं सकाळचं व्होल्टेज मोजा आणि वहीचं पहिलं पान लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!