एकोणचाळीस मिनिटे

हापूस आंबा आणि व्याख्यानमाला यांचा हंगाम आपल्याकडे एकच. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तो वसा पुढे गावोगावच्या वाचनालयांनी घेतला. उन्हाळा लागला की चिटणीस मंडळी वक्त्यांच्या शोधात निघतात. पहिल्या प्रतीचे वक्ते हाती लागले नाहीत, की आमच्यासारख्यांची कडी वाजते. काही वर्षांपूर्वी लालबागच्या एका वाचनालयाचे चिटणीस असेच माझ्याकडे आले. "विषय तुमच्या आवडीचा घ्या सर, फक्त मुंबईचा असू द्या," म्हणाले.

मुंबईकरांना मुंबई सांगण्याचा उद्योग तसा जुना आहे. १८४८ साली एल्फिन्स्टनमधल्या तरुणांच्या पुढाकाराने ज्ञानप्रसारक सभा निघाली. तिथे मराठीतून निबंध वाचले जात. वाचणाऱ्यांत गोविंद नारायण माडगांवकर होते, आणि १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' लिहिले ते त्यांनीच. एवढ्या मोठ्या पूर्वजाच्या पावलावर पाऊल टाकायचे म्हणून मी विषय जरा चमचमीत निवडला : मुंबईची घड्याळे.

सभागृह भरले होते. मी रंगात आलो. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला, उंची २८० फूट. आराखडा काढणाऱ्या गिल्बर्ट स्कॉटने मुंबईत कधी पाऊलही टाकले नाही. पैसा प्रेमचंद रायचंदांचा, नाव त्यांच्या आईचे. मातोश्री जैन, सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून घड्याळाचे ठोके, ही दंतकथाही मी तिखटमीठ लावून सांगितली. मग वळलो मुंबईच्या वेळेकडे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या जुन्या स्थानिक वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे पुढे. महापालिकेने ती मानायला नकार दिला, आणि कित्येक वर्षे या शहरात दोन-दोन वेळा नांदल्या. "भेटायला या म्हणणाऱ्याला आधी विचारावे लागे, कुठल्या सहा वाजता?" या माझ्या वाक्यावर हशा पिकला. मी पाण्याचा घोट घेतला. वक्त्याला एवढे पुरते.

आभारप्रदर्शनाआधी प्रश्नोत्तरे. मागच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उठले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. "सर, ती एकोणचाळीस मिनिटं कुणाच्या झोपेतली गेली, ते राहिलं सांगायचं."

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी तो समजावून दिला, अगदी शांतपणे, वर्गातल्या मंद मुलाला समजावतात तसा. घड्याळ पुढे सरकवले, गिरणीची वेळ मात्र सहाची सहाच राहिली, तर सूर्याच्या हिशेबाने कामगाराला एकोणचाळीस मिनिटे आधी दारात उभे राहावे लागणार. त्यांचे आजोबा साताऱ्याकडून गिरणीत आलेले. ते म्हणत, साहेबाने काटा फिरवला आणि आमची पहाट नेली. "आणि सर, राजाबाईचं घड्याळ आम्ही कधी पाहिलं? आमचं घड्याळ म्हणजे भोंगा. पहिला भोंगा उठवायला, दुसरा चालायला लावायला, तिसऱ्याला दार बंद." बोलता बोलता ते थांबले. "ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. नंतर एकेक भोंगा गेला. पहिले काही महिने मला सकाळी जागच येईना. आणि आली की वाटायचं, आता उठून जायचं कुठं?"

सभागृहात कुणी हसले नाही. तासभर मी घड्याळांवर बोललो होतो. त्या काट्यांखाली धावणारा एकही माणूस माझ्या टिपणात नव्हता. अध्यक्षांनी वेळ झाल्याची चिठ्ठी सरकवली, ती मी टेबलाखाली दडवली. पंधरा मिनिटे ते बोलले आणि माझ्यापेक्षा चांगले बोलले, हे इथे मुकाट्याने नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ग्रंथालयात गेलो. १९०६ च्या जानेवारीत गिरणीकामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद ठेवून दगडफेक केल्याची हकीकत तिथल्या एका पुस्तकात होती. म्हणजे ती माझ्याही वाचनात आली होती. पेन्सिलची खूण माझीच होती. महापालिकेतला वाद रंगतदार, म्हणून मी तो घेतला. दगड मात्र वगळले.

शाल-नारळ घेऊन आलेला मी पुढच्या रविवारी वही घेऊन त्यांच्या चाळीत गेलो. चहा होईपर्यंत त्यांनी काहीच सांगितले नाही. मग बोटे मोडत म्हणाले, "आधी लिहून घ्या, कुठल्या गिरणीचा भोंगा कुणाच्या आधी व्हायचा ते. माझ्याशिवाय आता हे सांगणारा या मजल्यावर एकच आहे, आणि त्याला ऐकू येत नाही."